तुरुंगातली बराक, कोठडी आणि तिथला दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, कल्याण, तळोजा, येरवडा... जेल कुठलंही असो, मुलाकातीच्या खिडकीबाहेर उभे असलेले नातेवाईक जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घरातलं कुणी आत नसलं, तरी ज्यांना आपल्या राज्यातले तुरुंग आतून कसे असतात हे जाणून घ्यायचंय, त्यांनाही ती वाचता येतील. वेळा आणि बारीकसारीक नियम प्रत्येक कारागृहात थोडे बदलतात, तेवढं त्या त्या जेलच्या खिडकीवर विचारून घ्या.

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी, दोन्ही जेलच ना?

नाही. पोलीस कोठडी म्हणजे पोलीस ठाण्यातलं लॉकअप. माणूस तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात असतो, चौकशी चालू असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार ही कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. पूर्वी हे १५ दिवस सुरुवातीलाच वापरावे लागत. आता गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्याने मागता येतात. त्यामुळे एकदा जेलमध्ये गेलेला माणूस पुन्हा लॉकअपमध्ये आला, तर गोंधळून जाऊ नका.

न्यायालयीन कोठडी मिळाली की माणूस कारागृहात जातो. तिथे पोलिसांचं नाही, कारागृह अधीक्षकांचं चालतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण ‘एमसीआर मिळाला’ (म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली) हे ऐकून बरीच घरं सुटकेचा श्वास सोडतात. लॉकअपमध्ये झोपायला धड अंथरूण नसतं आणि रात्री-अपरात्री कोण उठवेल याचा भरवसा नसतो. मुंबईतल्या लॉकअपमधल्या स्त्रियांची अवस्था शीला बर्से या पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवली होती. १९८३ च्या त्या निकालानंतर स्त्रियांसाठी वेगळं लॉकअप, पहाऱ्याला महिला पोलीस आणि अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवणं, हे सगळं बंधनकारक झालं.

माझा भाऊ ‘कोठडी’त एकटा असेल का?

बहुतेक नाही. गज, एक घडा, भिंतीवर रेघा मारत बसलेला एकटा कैदी हे आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र मंडालेचं, अंदमानचं आहे. राजबंद्यांच्या आठवणींतून ते आपल्यात रुजलंय. आजचा साधा कैदी बराकीत असतो. बराक म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना उंचावर जाळीच्या खिडक्या, छताला पंखे, एका टोकाला संडास. जमिनीवर ओळीने पट्ट्या आणि सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एकटेपणाची जागा इथे गर्दीने घेतली आहे. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांच्या मुळाशी तीच गर्दी आहे.

कागदावरचं माप असं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत झोपणाऱ्या प्रत्येक कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४० चौरस फूट जागा सांगितली आहे. एकट्याच्या कोठडीला ८.९२ चौरस मीटर, म्हणजे ९६ चौरस फूट. एका बराकीत २० पेक्षा जास्त माणसं नसावीत, रात्री दहा जणांमागे एक आणि दिवसा सहा जणांमागे एक संडास असावा, असंही त्यात आहे.

आता गणित करून बघा. बराकीत क्षमतेच्या दुप्पट माणसं भरली की ४० चे २० चौरस फूट होतात. साडेपाच-सहा फुटी माणूस पाठीवर झोपला की १८ चौरस फूट जागा लागते. तिप्पट भरली की पाठीवर झोपणं संपतं. सगळे एका कुशीवर झोपतात, आणि एकाला कूस बदलायची असेल तर शेजाऱ्याला हलवावं लागतं. नवीन आलेल्याला पहिले काही दिवस संडासाजवळची जागा मिळते. जुना कुणी सुटला की तो एक एक जागा पुढे सरकतो.

इतकी गर्दी का? जेलं कमी आहेत म्हणून?

तेही आहे, पण मुख्य कारण ते नाही. राज्यात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत : येरवडा, मुंबई, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती आणि नागपूर. त्याखाली जिल्हा कारागृहं येतात. आर्थर रोड, म्हणजे सातरस्त्याचं मुंबई मध्यवर्ती कारागृह, १९२० च्या दशकातलं. येरवडा त्याहून जुनं, १८७१ चं. आर्थर रोडची अधिकृत क्षमता कित्येक वर्षं ८०४ धरली जायची आणि आत माणसं मात्र तीन हजारांच्या घरात.

ही माणसं कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. गर्दी झाली आहे ती कायद्याने अजून निर्दोष असलेल्यांची. कुणाला जामीन नाही, कुणाला जामीन मिळालाय पण जामीनदार नाही, कुणाची तारीखच लागत नाही. नवीन जेल बांधलं की तेही चार-सहा वर्षांत भरतं. २००८ साली सुरू झालेल्या तळोज्याचं तेच झालं. मुंबईचा ताण हलका करायला ते उभारलं होतं.

मग पळपुट्या उद्योगपतींसाठी वेगळी बराक कशी काय निघते?

हा प्रश्न रांगेत हमखास येतो, आणि रागाने येतो.

भारताने कुणाचं प्रत्यार्पण मागितलं की तिथलं न्यायालय आधी विचारतं, ‘याला कुठे ठेवणार?’ २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने विजय मल्ल्याच्या प्रकरणात आर्थर रोडच्या १२ नंबरच्या बराकीचं चित्रीकरण मागवलं होतं. खिडकीतून नैसर्गिक उजेड येतो का, हे न्यायाधीशांना डोळ्यांनी बघायचं होतं. पुढे नीरव मोदीच्या प्रकरणातही हीच बराक पुढे आली. २०२५ मध्ये मेहुल चोक्सीसाठी बेल्जियमला दिलेल्या लेखी हमीत तर फर्निचर सोडून माणशी किमान ३ चौरस मीटर जागा, जाड गादी, उशी, स्वच्छ संडास आणि पाणी असं सगळं नोंदवलं गेलं.

३ चौरस मीटर हा आकडा युरोपातून आला. तिथल्या मानवी हक्क न्यायालयाने २०१६ मध्ये सामायिक कोठडीसाठी हीच खालची मर्यादा धरली. त्याखाली गेलं की वागणूक अमानुष असल्याचं गृहीतच धरलं जातं. आपल्याच नियमावलीतलं माप त्याहून मोठं आहे, हे विसरू नका. म्हणजे १२ नंबरच्या बराकीतला माणूस मेहेरबानीवर नाही, तो नियमाच्याही थोडा खालीच आहे. आपला भाऊ त्याच्याही किती खाली आहे, हे विचारायला परदेशी न्यायाधीश येणार नाहीत, एवढाच फरक.

अंडा सेल काय असतो? तिथे कुणाला ठेवतात?

अंडाकृती आखणीचा, जास्त बंदोबस्ताचा कोठड्यांचा भाग. आर्थर रोड आणि येरवड्याचा सगळ्यांना माहीत आहे. टोळीयुद्ध, दहशतवाद अशा प्रकरणांतले, किंवा ज्यांच्या जिवाला इतर कैद्यांकडून धोका आहे असे लोक तिथे असतात. जागा एकट्याची असते, पण बाहेरचं काही दिसत नाही आणि बोलायला माणूस मिळत नाही. बराकीतून अंडात गेलेले लोक काही दिवसांतच बराकीतल्या गर्दीची आठवण काढायला लागतात.

इथे कायदा स्पष्ट आहे. एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा आहे आणि ती फक्त न्यायालय देऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११ व १२ मध्ये तिच्या मर्यादा आहेत : एकूण जास्तीत जास्त तीन महिने, आणि एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. १९७८ च्या सुनील बत्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शिक्षा झाली म्हणूनसुद्धा तुरुंगाला आपल्या मनाने एकांतवास देता येणार नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्यातही एक बारकावा आहे. कोठडीत २४ तासांपेक्षा जास्त ठेवलेल्या कैद्याला वैद्यकीय अधिकाऱ्याने दिवसातून एकदा तरी बघायलाच हवं. सुरक्षेसाठी वेगळं ठेवणं आणि एकांतवास यांतली रेघ पुसट आहे आणि भांडणं तिथेच होतात. तुमच्या माणसाला अंडात किंवा वेगळ्या यार्डात टाकलं असेल, तर वकिलाला सांगून कारण लेखी मागवा आणि न्यायालयापुढे अर्ज करा.

दिवस कसा जातो?

सकाळी सहाच्या सुमाराला बराक उघडते, मोजणी होते. चहा, नाश्ता (पोहे, उपमा, शिरा असं काहीतरी). दहा-अकराला जेवण. दुपारी बाराच्या आसपास पुन्हा बंदी, तीनच्या सुमाराला उघडतात. पाचच्या आत रात्रीचं जेवण हातात आणि सहाच्या सुमारास कुलूप, ते थेट सकाळपर्यंत. पाच वाजताची पोळी आठ-नऊला खायची म्हणून डब्यात झाकून ठेवायची. हिशेब केला तर चोवीसांतले पंधरा तास माणूस कुलपाआड असतो, आणि गर्दी खरी जाणवते ती या पंधरा तासांत.

रात्री दिवे पूर्ण विझवत नाहीत. झोप न येण्याची तक्रार पहिल्याच मुलाकातीत येते ती याच कारणाने. घरच्यांनी घाबरू नये, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही तेच चालू असेल तर जेलच्या डॉक्टरकडे नोंद करायला सांगा.

जेवण कसं असतं? घरचा डबा देता येतो का?

पोळी, डाळ, भाजी, भात. पोट भरतं, चव नसते. डाळ पातळ असते हे सगळेच सांगतात. सणावाराला गोड मिळतं, उपवासाची सोय असते, रमझानमध्ये वेळा बदलतात. जोडीला कॅन्टीन आहे. बिस्किटं, फरसाण, साबण, दूध, काही ठिकाणी अंडी आणि मांसाहारही तिथून विकत घेता येतो. त्यासाठी कैद्याच्या खात्यावर घरून पैसे जातात आणि महिन्याच्या खर्चाला मर्यादा आहे.

कच्च्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने अन्न, कपडे, अंथरूण मिळू शकतं, असं १८९४ च्या कायद्याचं कलम ३१ म्हणतं. प्रत्यक्षात घरचा डबा आत जातो तो न्यायालयाच्या आदेशानेच, आणि तोही सहसा आजारपणासारखं कारण असेल तर. कपडे, चष्मा, चप्पल एवढं खिडकीवर देता येतं. औषधं द्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, नाहीतर ती खिडकीवरूनच परत येतील.

पाणी, संडास, डास...

पाण्यासाठी नियमावलीत माणशी दिवसाला १३५ लिटर सांगितलेत. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे बादली आणि हौदावरून वाद होतात. संडासाची रांग सकाळी बराक उघडण्याआधीच लागलेली असते.

डासांबद्दल एक किस्सा न्यायालयाच्या नोंदीतलाच आहे. २०२२ मध्ये तळोज्यातल्या एका कैद्याने मेलेल्या डासांनी भरलेली प्लास्टिकची बाटली मुंबईच्या सत्र न्यायालयात नेऊन दाखवली, मच्छरदाणी मिळावी म्हणून. अर्ज फेटाळला गेला. अंगाला लावायचं मलम वापरा, असं सांगण्यात आलं. मच्छरदाणीच्या दोऱ्यांचा गळफासासाठी वापर होईल ही तुरुंगाची भीती खोटी नाही. पण खाडीकाठच्या जेलमध्ये खिडक्यांना बारीक जाळी लावायला तर दोरी लागत नाही.

माझ्या वडिलांना बीपी, शुगर आहे. आत उपचार मिळतात का?

दाखल होताना वैद्यकीय तपासणी होते. त्याच वेळी सगळे जुने आजार, चालू औषधं, ऑपरेशनं नोंदवली गेली पाहिजेत. पहिल्या तारखेलाच वकिलामार्फत जुने रिपोर्ट न्यायालयाच्या फाइलला लावा. पुढे काही बिघडलं तर हाच कागद उपयोगी पडतो. जेलमध्ये दवाखाना असतो. गंभीर झालं तर मुंबईत जे.जे., पुण्यात ससून अशा सरकारी रुग्णालयात नेतात. अडचण येते ती पोलीस गार्डची. बंदोबस्ताला माणसं नाहीत म्हणून रुग्णालयाची तारीख हुकते. असं झालं की न्यायालयात अर्ज करून ‘अमुक तारखेपर्यंत तपासणी करून अहवाल द्या’ असा आदेश मिळवणं हा सरळ मार्ग.

म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात ते साध्या गोष्टींवरून : कमोड, गरम पाणी, खालची जागा, काठी. २०२० मध्ये ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींनी कंपवातामुळे पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तेव्हा त्यांना आठवडेच्या आठवडे न्यायालयाची वाट बघावी लागली. ते तळोज्यात होते, आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतल्या रुग्णालयात, कोठडीत असतानाच गेले. त्यामुळे अशा वस्तूंची यादी पहिल्याच दिवशी करून अर्ज द्या, ‘देतील की’ म्हणून थांबू नका. आजारी, अशक्त किंवा स्त्री आरोपीला जामिनात सवलत देण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आहे, तीही वकिलाला विचारा.

मुलाकात कशी घ्यायची?

कच्च्या कैद्याला साधारण आठवड्यातून एकदा भेटता येतं. ‘ई-मुलाकात’वरून आधी वेळ घेता येते आणि व्हिडिओवरची भेटही मिळते. प्रत्यक्ष भेटीत मध्ये काच असते आणि बोलणं फोनवरून. स्वतःचं ओळखपत्र हवं. नातं सांगावं लागतं, आणि कैद्याने दिलेल्या यादीत तुमचं नाव हवं. सकाळी लवकर जा. पंधरा-वीस मिनिटांत सगळं सांगायचं असतं आणि निम्मा वेळ रडण्यात जातो, म्हणून विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या. बऱ्याच जेलमध्ये आता स्मार्ट कार्डवर घरी फोन करता येतो. त्यासाठी नंबरांची पडताळणी होते, ते काम लवकर उरकून घ्या.

पैसे दिले तर चांगली जागा मिळते, असं एकाने सांगितलं. खरं का?

असं सांगणारे जेलच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर नेहमी सापडतात. त्यांतले बरेच तुमचे पैसे घेऊन गायब होतात. काही प्रकरणांत आतले लोकही पकडले गेलेत, हे खरं. देऊ नका. एकदा दिलेत की दर महिन्याला फोन येईल.

आत जातीवरून कामं देतात का?

कित्येक राज्यांच्या जुन्या तुरुंग नियमांत ते चक्क लिहिलेलं होतं : झाडू-संडास कुणाकडे, स्वयंपाक कुणाकडे, कुठल्या जमातीचा माणूस ‘सराईत’ समजायचा. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि राज्यांना नियमावली बदलायला तीन महिने दिले. विमुक्त-भटक्या जमातींसाठी हा निकाल मोठा आहे. पारध्याच्या पोराला नुसत्या जमातीवरून उचलण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. आत अजून जात विचारून काम दिलं जात असेल तर या निकालाचं नाव घेऊन लेखी तक्रार करा.

बाईमाणूस आत असेल आणि लहान मूल असेल तर?

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं. २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालानुसार त्याला वेगळा आहार, दूध, लसीकरण, शिक्षण मिळायला हवं. ते कैदी नाही, त्याला तसं वागवायचं नाही. सहा पूर्ण झाल्यावर नातेवाईक किंवा बालगृह. स्त्रियांची झडती फक्त स्त्री कर्मचारी घेऊ शकतात. मुंबईत भायखळ्याला स्त्रियांचं जेल आहे. पुरुषांच्या मोठ्या जेलच्या आत एका कोपऱ्यात असणारे महिला विभाग त्या मानाने दुर्लक्षित राहतात. मुलाकातीलाही स्त्री कैद्यांकडे कमी लोक येतात, हे जेलबाहेर उभं राहिल्यावर कळतं.

मारहाण झाली तर कुठे सांगायचं?

सर्वांत आधी न्यायाधीशांना, पुढच्या तारखेला, तोंडी सांगितलं तरी चालतं. तारीख व्हीसीवर, म्हणजे जेलमधूनच व्हिडिओवर, असेल तर कैद्याने अंगावरचे वळ कॅमेऱ्यासमोर दाखवावेत आणि वैद्यकीय तपासणी मागावी. घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोगाला लिहावं. १९८० चा सुनील बत्राचा दुसरा निकाल एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेल्या पत्रावरून लागला होता. त्यामुळे साधं पत्र लिहून काय होणार असं समजू नका.

भीती मात्र खरी असते. २०१७ मध्ये भायखळ्यात एका शिक्षा झालेल्या बाईचा मृत्यू झाला. अंडी-पावाच्या हिशेबावरून कर्मचाऱ्यांनी मारहाण केल्याचा आरोप झाला आणि सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. पण त्यानंतर ज्या कैदी स्त्रियांनी आवाज उठवला, त्यांच्यावर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार बंधनकारक आहे आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं.

आत काम मिळतं का, किती मजुरी?

काम मुख्यतः पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांना. सुतारकाम, शिवण, बेकरी, हातमाग, शेती. नाशिक रोडच्या कैद्यांनी केलेले गणपती लोक रांगा लावून घेतात. मजुरी अगदी कुशल कामालाही दिवसाला शंभर रुपयांच्या आत. येरवड्यात २०२२ पासून राज्य सहकारी बँकेने कैद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली, ७ टक्के व्याजाने, मजुरीतून फेड. घरच्यांच्या शिक्षण-आजारपणाला ते उपयोगी पडतं.

जामीन मंजूर झाला, तरी माणूस आतच! असं का?

कारण आदेश निघणं आणि दार उघडणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्यांची वाट आहे. जामीनदार, त्याची कागदपत्रं, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला), पडताळणी, मग सुटकेचा आदेश. आर्थर रोडबाहेर तर आदेश टाकायची पेटी आहे. ती ठरावीक वेळीच उघडते, संध्याकाळची वेळ हुकली की रात्र आत. गरीब माणूस अडकतो तो जामीनदारापाशी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पंधरा-वीस हजारांचा जामीनदार मिळत नाही आणि तो महिनोन्‌महिने बसून राहतो.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर सूचना दिल्या. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने जेलला जावा. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. वकिलाला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा. शिवाय केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तीत जामिनासाठी ४०,००० आणि शिक्षेतल्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. अर्ज जिल्हा समितीकडे, विधी सेवा प्राधिकरणामार्फत.

खटलाच सुरू होत नाही. किती दिवस आत ठेवू शकतात?

दोन तारखा वहीत लिहून ठेवा. पहिली : न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत (गुन्ह्यानुसार) आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. मात्र तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. युएपीए (दहशतवादाविरुद्धचा), मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा) अशा खास कायद्यांत ही मुदत वाढते.

दुसरी : नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. गुन्ह्याला जी जास्तीत जास्त शिक्षा आहे तिचा निम्मा काळ आत गेला की जामीन. आधी कधीच शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांश काळातच बंधपत्रावर सुटका. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तरी अडचण येते. हे कलम १ जुलै २०२४ आधीच्या, म्हणजे ही संहिता लागू होण्याआधीच्या, प्रकरणांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. अर्ज करण्याची जबाबदारी जेल अधीक्षकांवर आहे. तरी तारीख तुम्हीच मोजा. शेकडो नावांच्या यादीत तुमचं नाव कुणी शोधत बसत नाही.

वकिलाला पैसे नाहीत.

कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. जेलमध्ये विधी साहाय्य केंद्र असतं, जिल्हा न्यायालयात कार्यालय. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्पही १९९० पासून राज्यातल्या तुरुंगांत काम करतोय.

आतून मत देता येतं?

नाही, कच्च्या कैद्यालाही नाही. निवडणूक लढवता मात्र येते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्यांना टपाली मत आहे. कच्च्या कैद्याला मत नाकारण्याचं समर्थन कुणी पटेल असं केलेलं मी अजून ऐकलं नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षंच ना? आणि दिवस-रात्र वेगळे मोजतात म्हणे?

दोन्ही खोटं. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. सरकार शिक्षा माफ करू शकतं, पण ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय नाही. १४ हा किमान आकडा आहे, सुटकेची तारीख नाही. दिवस-रात्रीचं गणित कुठल्याच कायद्यात नाही.

फर्लो आणि पॅरोल यांत फरक?

फर्लो म्हणजे संचित रजा. चांगल्या वर्तणुकीवर मिळते, कारण लागत नाही, आणि ती शिक्षेतच धरली जाते. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. मृत्यू, आजारपण, लग्न अशा कारणांसाठी असते, आणि तो काळ नंतर भोगावा लागतो. दोन्हींसाठी पोलीस अहवाल आणि जामीनदार हवा. एक दिवस उशिरा परतलात तरी पुढची रजा अडते.

खुलं कारागृह काय असतं?

चांगली वर्तणूक असलेल्या, शिक्षेचा बराच काळ भोगलेल्या कैद्यांना पैठण, मोर्शी, विसापूर अशा ठिकाणी पाठवतात. भिंती नाहीत, दिवसभर शेतीत काम, माफीचे दिवसही जास्त. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर वसाहतच आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये ती सुरू झाली, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने. कैदी तिथे बायकामुलांसह राहतात. नव्वद वर्षं होत आली तरी स्वतंत्रपूरसारखं दुसरं गाव आपण वसवलं नाही, आणि मोठ्या भिंतींच्या जेलसाठी मात्र जमिनी शोधतो आहोत.

सुटताना काय काय मागून घ्यायचं?

दाखल होताना जमा केलेल्या वस्तू : मोबाइल, अंगठी, पाकीट, आधार कार्ड. पावतीशी ताडून बघा. खात्यावरची उरलेली रक्कम आणि पक्का कैदी असेल तर मजुरीही. सुटकेचा दाखला नीट जपा. किती दिवस आत होता हे पुढे कधीही दाखवावं लागू शकतं. आत घेतलेल्या उपचारांचे कागद मागा, विशेषतः टीबीची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर, म्हणजे बाहेरच्या सरकारी दवाखान्यात ती तशीच पुढे चालू राहतील. आणि पुढची कोर्टाची तारीख विचारून घ्या. ती चुकली की वॉरंट निघतं.